हौदाची रुंदी

३ मार्च

धाकट्या,

हौदाचं असलं चित्र पाठवतोस, आणि वर म्हणतोस, "ताई, जरा शांतपणे बघ." बघितलं. चष्मा लावून बघितलं, उजेडात नेऊन बघितलं, कागद उलटा धरूनही बघितलं. मग आईला दाखवलं. ती म्हणाली, "हे काय, कुणाचं काय कापून काढलंय?" खाली बारीक अक्षरात लिहिलंय, किडनी आकार. मागच्या अंगणात किडनी घालायची आहे आपल्याला? आईचं मोडलं ते खुब्याचं हाड. किडनी तिची ठणठणीत आहे, तुझ्या-माझ्यापेक्षा बरी.

मी फोन न करता लिहितेय ते मुद्दाम. फोनवर तू "बघू" म्हणतोस आणि फोन ठेवतोस. तुझं "बघू" हवेत विरून जातं आणि मी रिसीव्हर धरून खुळ्यासारखी उभी. आता "बघू" म्हणायचं असेल तर कागदावर लिहून पाठव, म्हणजे मला ते भिंतीला चिकटवता येईल. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला एक पत्र लिहायला किती वेळ लागतो ते तुला माहीत आहे. तेव्हा बसून वाच, चालता चालता वाचू नकोस.

हौद कशासाठी बांधायचा ते परत सांगते, कारण ज्याने हे चित्र काढलं त्याला तू सांगितलेलं दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, आजींना पाण्यात चालवा, पाणी वजन उचलतं, जमिनीवर दहा पावलं होत असतील तर पाण्यात पन्नास होतील. सार्वजनिक पोहण्याचा तलाव दुरुस्तीसाठी म्हणून बंद केला तो काही उघडत नाही. तेव्हा तूच छाती फुगवून म्हणालास, "आई, मी तुला घरामागे पूल बांधून देतो." झालं. दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत आईने सगळ्यांना सांगितलं. आता दूधवाला रोज विचारतो, पाणी भरलं का?

आता नीट ऐक. आई पडली ती चालताना नाही पडली. ओट्याकडून टेबलाकडे वळताना पडली. अजूनही सरळ म्हटलंस तर वॉकर धरून ती मजेत चालते, वर मला शिव्या घालत चालते. वळायचं आलं की थांबते. भिंत चाचपते. मग मला हाक मारते, आणि मी शिवणाचं मशीन सोडून पळते. आणि तुझा हा हौद म्हणजे नुसतं वळणच आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ म्हणून नाही त्यात. शिवाय एक बाजू खोल. किती खोल, तर तूही बुडशील.

मला हवा तो असा. लांब, अरुंद, सरळ. कंबरेचा पट्टा असतो ना, तसा. अंगणाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, म्हणजे वळायची वेळच कमी येईल. पाणी सगळीकडे सारखं, छातीएवढं. तुझ्या छातीएवढं नाही, आईच्या. दोन्हीकडे कठडे. आईने दोन्ही हात जरा बाजूला केले की दोन्ही कठडे हातात आले पाहिजेत, एवढीच रुंदी. मग ती एकटी चालेल. कुणाला हाक मारायला नको.

यात चित्रकार कशाला लागतो?

ताई


११ मार्च

प्रिय ताई,

पत्र मिळालं. बसून वाचलं, चालता चालता नाही. बायकोलाही वाचून दाखवलं. किडनीवर ती इतकी हसली की शेजाऱ्यांनी दार वाजवलं.

पण आता माझंही जरा ऐकून घे. तू म्हणतेस तसा पूल केला तर तो पूल होणार नाही, अंगणात खणलेलं गटार होईल. सरळ कडा असल्या की लहान अंगण आणखी लहान दिसतं. वळणदार आकाराने डोळ्याला जागा मोठी वाटते. हे मी म्हणत नाही, ज्यांनी असे पन्नास पूल बांधलेत ते म्हणतात. खोल बाजूही हवीच. उद्या कोणी पोहायला उतरलं तर त्याने काय गुडघे टेकून पोहायचं? आईसाठी उथळ बाजूला रुंद पायऱ्या ठेवल्या आहेत. तिथे बसून तिला पाय हलवता येतील, ऊन खाता येईल. मला तर ते चित्र डोळ्यांसमोर दिसतं.

बांधकाम एकदाच होतं, ताई. पुढची वीस-पंचवीस वर्षं डोळ्यांसमोर ठेवून करावं लागतं. तू आजचं बघतेस. कोणीतरी उद्याचंही बघायला हवं ना?

शनिवारी माझ्या ओळखीचा एक माणूस येईल. अंगणाचे दोन-चार फोटो काढेल, कामाला उपयोगी पडतील. त्याला चहा दे आणि कृपा करून भांडू नकोस.

माझं बरं चाललंय. ऑफिसने आता नवीन पद्धत काढली आहे. महिन्यातून एक आठवडा तोंड दाखवायचं, बाकी तीन आठवडे काम घरूनच. जेवायचं टेबल हेच माझं ऑफिस झालंय. बायको म्हणते, ताट ठेवायचं तरी कुठे? ते खरंच आहे, पण लिफ्टच्या रांगेत उभं राहावं लागत नाही, हेही काही कमी नाही.

आईला सांग, तिच्या पायऱ्यांना मी निळ्या फरश्या बघून ठेवल्या आहेत.

तुझा,
धाकटा


१८ मार्च

धाकट्या,

अंगणाचे फोटो काढायला आलेला माणूस न्हाणीघरातला नळ सोडून का बघतो रे?

तुझा ओळखीचा आला शनिवारी. चहा दिला. भांडले नाही, निदान पहिला अर्धा तास तरी. अंगणाचे त्याने दोन फोटो काढले असतील. मग घरात शिरला. झोपायच्या खोल्या बघितल्या, पलंग मोजले, खिडक्या उघडून परत लावल्या, गाद्यांवर हात दाबून बघितला. आई खुर्चीत बसून सगळं बघत होती. मला जवळ बोलावून म्हणाली, पण त्याला ऐकू जाईल अशी, "घर पसंत आहे का विचार त्याला. नसेल तर आपण दुसरं स्थळ बघू."

मग तो शिवणखोलीत गेला. म्हणाला, "बाई, ते मशीन जरा हलवा, फोटोत येतंय." मी म्हटलं, "मशीन तिथे तीस वर्षं आहे, तुम्ही आत्ता आलात. तुम्ही हला." हलला बिचारा. पण फोटो काढलाच, माझ्या खिडकीतून अंगणाचा. आणि स्वतःशीच म्हणाला, "वा."

कुणाच्या "वा"ने मला एवढा राग कधी आला नव्हता. रात्री तुझं चित्र परत काढलं. चित्रावर चौकोन आहेत, एक चौकोन म्हणजे एक फूट, एवढं मला कळतं. कपडा अंगावर कसा बसतो ते कागदावर कळत नाही, घालून बघावा लागतो. शाळेच्या सभागृहाचे जुने पडदे माझ्याकडे पडून होते. ते जोडले, खडूने तुझी किडनी आखली, पूर्ण मापाची, आणि कापली. रविवारी सकाळी अंगणात अंथरली. वाऱ्याने उडू नये म्हणून कडेला विटा ठेवल्या. आई दारात खुर्ची टाकून बसली होती.

आणि आता तूच सांग, हे काय आहे ते. तुझ्या हौदाचं जे मोठं पोट आहे, ते माझ्या खोलीच्या भिंतीला जाऊन टेकलं, आणि हौद अजून संपला नव्हता. उरलेलं कापड दारातून आत न्यावं लागलं. मशीनच्या खालून कपाटापर्यंत गेलं. मी उंबऱ्यावर उभी, एक पाय हौदात आणि एक पाय माझ्या खोलीत.

म्हणजे माझी खोली पाडायची आहे. पडद्यांनी सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर एक दिवस कुदळीचा आवाज आल्यावरच कळलं असतं. "पुढची वीस-पंचवीस वर्षं" ती हीच का?

मी सासर सोडून आले तेव्हा तू बारा वर्षांचा होतास, तुला आठवत नसेल. बाबांनी मला एक प्रश्न विचारला नाही. आठवड्याभरात विटा आणून टाकल्या आणि म्हणाले, तुला बसायला खोली लागेल. त्या खोलीत मी अर्ध्या गावाच्या पोरांचे गणवेश शिवले, तुझे शाळा-कॉलेजचे कपडेही तिथेच शिवले. ती खोली पाडायची तर आधी मला आत बसवून पाड.

गोड बोलू नकोस. फरश्यांचा रंग सांगू नकोस. पाडणार आहेस का? हो की नाही, एवढंच लिही.

ताई


२५ मार्च

ताई,

नाही.

हे आधी लिहिलं, कारण तू खाली वाचायच्या आधी कागद फाडशील अशी भीती वाटली. तुझी खोली पाडायचा विचार मी स्वप्नातही केलेला नाही. आणि आता हसू नकोस, किंवा हस, पण तू पडदा उलटा घातलास.

खडूने कुठल्या बाजूला आखलंस? पडद्याच्या मागच्या बाजूला ना? मला माहीत आहे, कारण लहानपणी मी एकदा पुढच्या बाजूला रेघ मारली होती तेव्हा तू फुटपट्टी मारली होतीस माझ्या बोटांवर. खडू नेहमी उलट बाजूला. आणि अंगणात अंथरताना हाताच्या सवयीने सुलट बाजू वर केलीस. म्हणजे डावीकडचं उजवीकडे गेलं. सदऱ्यात हे कळत नाही, तिथे डावं-उजवं दोन्ही एकदमच कापतात. पण किडनी एकच आहे. तिचं मोठं पोट तुझ्या खोलीकडे नाही, पलीकडे, कपडे वाळत घालतेस त्या कोपऱ्याकडे आहे. चित्र परत बघ. खोलीला धक्का लागत नाही. उलट त्यांना सगळ्यात जास्त तुझी खोलीच आवडली, खिडकी उघडली की समोर पाणी.

हे वाक्य लिहून झालं आणि मग मी ते वाचलं. कागद फाडून नवा घेणार होतो. बायको म्हणाली, राहू दे, कधीतरी सांगायचंच आहे.

तर सांगतो. एक कंपनी आहे, सुट्टीवर येणाऱ्या लोकांना घरं भाड्याने देते. फोटोवाला त्यांचा. त्यांना आपलं घर लांबच्या मुदतीवर हवं आहे. विकायचं नाही, ताई, घर आपलंच राहणार. त्यांच्या सगळ्या घरांमागे अशाच आकाराचा पूल असतो, म्हणून ते चित्र. आईला मी इथे आणणार. अकरावा मजला आहे पण लिफ्ट आहे, खाली नर्स असते, सोसायटीत आपल्या अंगणापेक्षा मोठा पूल आहे, पाणी कोमट. तूही ये. इथे शिवणाऱ्यांना लोक शोधत फिरतात.

तू म्हणशील, याला घर ओरबाडायचं आहे. तसं समज हवं तर. पण एक सांगतो. आई सकाळी पडली आणि मला संध्याकाळी कळलं. तू तिला एकटीने उचललंस, गाडीत घातलंस, ऑपरेशनच्या कागदांवर सही केलीस, आणि सगळं झाल्यावर मला फोन केलास. मी विचारलं, आधी का नाही कळवलंस? तू म्हणालीस, "तू एवढ्या लांबून काय करणार होतास?" तू रागाने नाही म्हणालीस. सहज म्हणालीस, खरं होतं म्हणून. त्या दिवसापासून तुझ्याकडून फोन आला की तो उचलायच्या आधी मी भिंतीला टेकतो. तुलाही आता पन्नाशी उलटली. उद्या तू पडलीस तर मला कोण कळवणार, आणि कधी?

मला तुम्ही दोघी माझ्या डोळ्यांसमोर हव्या आहात. चुकीच्या मार्गाने मागितलं असेल. पण मागतोय ते हे.

धाकटा


२९ मार्च

पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं, सगळं. जे फाडणार होतास तेही.

उत्तर आज लिहीत नाही. आज लिहिलं तर पेनाने कागद फाटेल.

पडदा उलटा घातला होता, हे खरं.

ताई


४ एप्रिल

ताई,

फोन उचलत नाहीस. आईही उचलत नाही, म्हणजे तूच तिला उचलू देत नसणार. मी तुझ्या शिव्या ऐकायला तयार आहे, तुझ्या गप्प बसण्याची मात्र सवय नाही मला.

कंपनीवाले विचारत आहेत. घर तिघांच्या नावावर आहे, तुझी आणि आईची सही लागेल. मी त्यांना थांबवून ठेवलंय, पण किती दिवस?

आई काय म्हणते, तेवढं तरी कळव. तिने तिच्या तोंडाने म्हटलेलं. तुझ्या तोंडचं मला पाठ आहे.

धाकटा


९ एप्रिल

धाकट्या,

मी आईला फोन उचलू दिला नाही, असं लिहितोस. तिला फोन उचलू नकोस म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. वाजत होता, ती त्याच्याकडे बघत होती. मी म्हटलं, "आई, तुझ्या लाडक्याचा आहे." म्हणाली, "वाजू दे. मी विचार करतेय."

तुझं पत्र वाचून झालं त्या दिवसापासून ती बोलायचीच थांबली. आई बोलत नाही म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. घर असं झालं की भांडं पडलं तरी बरं वाटावं. मग मधेच एखादा प्रश्न विचारायची. त्याच्याकडे खिडकी कुठल्या बाजूला आहे? सूर्य दिसतो का? पाणी खरंच कोमट असतं का? मला माहीत होतं तेवढं मी खरं सांगितलं. दातओठ खाऊन सांगितलं, पण खरंच सांगितलं. तुझ्यासारखं निम्मं झाकून नाही.

आणि मला वाटलं, ही जाणार. एकदा मुलाने बोलावलं की आया जातात. मी मशीनवर बसले आणि एकाच सदऱ्याची बाही दोनदा उलटी जोडली. ही गेली तर त्या अंगणात किडनी काय, फुफ्फुस खणलंत तरी मला कशाचं काय, असं वाटलं. एवढं लिहिते, यावर परत बोलणार नाही.

सोमवारी जेवताना तिने तोंड उघडलं. तू तिच्या तोंडचं मागितलंयस ना? घे.

म्हणाली, "त्या मोठ्या तलावाला कठडा आहे का?"

मी म्हटलं, "त्याने लिहिलं नाही."

"मी पडले तर?"

"खाली नर्स असते म्हणे."

"खाली," आई म्हणाली. "मी अकराव्या मजल्यावर, ती खाली. मी काय पडून, मग लिफ्टने जाऊन तिला सांगू, की बाई गं, मी वर पडले आहे?"

मला घास लागला. ती हसली नाही. म्हणाली, "त्याला भीती वाटते तो लांब आहे म्हणून. बरोबर?"

"तसं लिहिलंय."

"मग लांब आहे त्याने जवळ यायचं, की मोडक्या खुब्याच्या म्हातारीने? तो काम कुठून करतो म्हणालीस?"

"घरून."

"मग हे काय आहे?" म्हणाली. "ही काय धर्मशाळा आहे? त्याला विचार, घरून काम करतोस तर कर की घरून."

 यावर तुला काही सुचतंय का बघ. तुझ्याच पत्रात तूच लिहिलंयस, एक आठवडा तिकडे तोंड दाखवायचं, तीन आठवडे कुठेही बसलं तरी चालतं. जेवायच्या टेबलावर बसतोस. टेबलं आमच्याकडेही आहेत. माझ्या खोलीत खिडकीजवळचं कटिंगचं टेबल तुला देते, जिला तो फोटोवाला "वा" म्हणाला तीच खिडकी. मशीनचा आवाज सहन करावा लागेल, आणि माझा. तुझ्या बायकोला ताट ठेवायला जागा होईल. तिलाही आण. किडनीवर हसणारी बाई मला चालेल.

आता कंपनीचं. सही मिळणार नाही. माझी नाही, आईचीही नाही. तिने तसं सांगितलंय, आणि मला कानात नाही सांगितलं, दूधवाल्यासमोर सांगितलंय, म्हणजे आता ते बदलत नसतं. माझ्या पलंगावर कोणी अनोळखी सुट्टीवर येऊन लोळणार आणि मी कुठेतरी लिफ्टच्या रांगेत उभी राहणार, हे या जन्मात तरी नाही. आमच्या भल्यासाठी म्हणून केलंस, मान्य. पण लपवून केलंस. समोर येऊन म्हणाला असतास की ताई, मला इतक्या लांब भीती वाटते, तर मी काय तुला खाल्लं असतं? थोडी ओरडले असते. त्यापलीकडे काय?

"तू एवढ्या लांबून काय करणार होतास" हे मी म्हणाले होते. मला आठवत नव्हतं, तू लिहिल्यावर आठवलं. ते मी मागे घेत नाही, कारण खरं होतं. खोटं करायचं असेल तर ते तुझ्या हातात आहे.

हौदाचं ऐक. हौद सरळच होणार. खोल बाजू नाही, पायऱ्यांवर बसून ऊन खाणं नाही. उरलेल्या पडद्यांचा मी लांब पट्टा कापला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आईच्या दोन हातांच्या मापाचा. आणि हो, सुलट बाजू बघून अंथरला. तशी पट्ट्याला उलट-सुलट काय, कसाही घातला तरी पट्टाच.

मंगळवारी सकाळी आईला त्याच्यावर चालवलं, वॉकर देऊन. मी तिच्यापुढे, तोंड तिच्याकडे करून मागे मागे चालत. ती गेली रे सरळ, या टोकापासून त्या टोकाला, एकदाही न थांबता. शेवटी माझ्या खांद्याला धरून वळली, घामाने भिजली होती, आणि म्हणाली, "परत."

परत येताना अर्ध्यावर तिने वॉकरवरचा डावा हात सोडला आणि बाजूला धरला. हवेतच. पट्ट्याच्या बाहेर जात होता हात. मी ओरडले, "काय करतेस, पडशील!"

म्हणाली, "इथे तो असेल ना."

मी म्हटलं, "आई, तो यायचा ठरलेला नाही."

म्हणाली, "मग ठरव त्याला. पण आधी माप बदलू नकोस."

म्हणून बाकी सगळं ठरलं, रुंदी ठरलेली नाही. ती तुझ्यावर अडली आहे.

तू येणार असशील तर हौद हातभर रुंद करायचा. आईचा उजवा हात कठड्यावर, डावा तुझ्या हातात, तू तिच्या बाजूने पाण्यात चालणार. रोज सकाळी, तुझं ऑफिस सुरू व्हायच्या आधी. तू तिकडे असशील त्या आठवड्यात मी उतरेन, मशीन बंद ठेवून. रोज मला ते जमणार नाही, शाळा उघडायच्या आधीचे दिवस माझे कसे जातात ते तुला माहीत आहे.

तू येणार नसशील तर अरुंद. दोन्ही कठडे तिच्या हातात, कुणाची गरज नाही. पहिल्या पत्रात मी हाच मागितला होता आणि त्यातही ती चालेल, छान चालेल. मला त्याचं वाईट वाटणार नाही. तिचं मी सांगू शकत नाही.

पण तुझ्या शब्दावर रुंद खणला आणि तू आला नाहीस, तर ती एका कठड्याला धरून उभी राहील आणि दुसरा तिच्या हाताला लागणार नाही. तेव्हा मनाला बरं वाटावं म्हणून "येतो" म्हणू नकोस. सदऱ्याच्या शिवणीत माया ठेवता येते, पुढे घट्ट झाला तर उसवून सैल करता येतो. सिमेंटात तशी सोय नाही.

खोदणारा शनिवारी, अठरा तारखेला सकाळी चुन्याने आखणी करायला येतोय. त्याच्या हातात रुंदीची दोरी मी द्यायची आहे. माझ्याकडे दोन दोऱ्या कापून ठेवल्या आहेत, खिडकीच्या खिळ्याला टांगल्यात. आई येता जाता त्यांच्याकडे बघते.

शुक्रवार, सतरा तारीख, संध्याकाळपर्यंत तुझं उत्तर इथे पोचलं पाहिजे. पत्राने पोचणार नसेल तर फोन कर, मी उचलेन. "येतो" किंवा "येत नाही". "बघू" म्हणालास तर मी आखूड दोरी काढून देईन.

ताई